परळात पाणी कोण ओततं?

शांतम्माच्या फाटकाची वरची बाजू माणसांसाठी होती आणि खालची जनावरांसाठी. वर बाभळीच्या काट्यांचा भारा तारेने आवळलेला, कडीला कुलूप आणि किल्ली शांतम्माच्या कमरेला. खाली मात्र पत्रा वीतभर कापलेला. तो तिने लोहाराला बोलावून, त्याच्याशी भांडून कापून घेतला होता.

"अम्मा, कुत्रं शिरंल की इथून," लोहार म्हणाला होता.

"कुत्रं मावत न्हाई. मुंगसापुरतं हाय. तू काप."

गल्ली म्हणायची, ही बाई विंचवाला पाट मांडील, पण माणसाला पाणी विचारायची नाही. हे कानावर आलं की शांतम्मा खूश व्हायची. तिला ती आपली तारीफच वाटे. विंचू नांगी वर करून येतो, माणूस हात जोडून येतो. हात जोडून आलेल्याने तिचं काय केलं होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ती पहिल्यापासून अशी नव्हती. तिचा नवरा मन्मथ हा भोळा सांब, त्यामुळे घरात एकाने तरी शहाणं असावं म्हणून ती जरा करडी राहायची, एवढंच. लातूरच्या वेशीबाहेर, औशाच्या रस्त्याला त्यांचं शेत होतं. ज्वारी काढायला आली की मन्मथ एका कोपऱ्यातली कणसं तशीच ताटावर सोडायचा. पाखरांचा वाटा म्हणायचा. शांतम्मा विळा हातात घेऊन भांडायची, "पाखरांना घालून आपुन काय खायचं?" तो म्हणायचा, "त्यांनी कुठं पेरायला जायचं, बोल." यावर ती अजूनच चिडे.

मन्मथ गेला तेव्हा लिंगायतांच्या रीतीप्रमाणे त्याला शेतातच समाधी दिली, आडाशेजारी, कोपऱ्यात. पुढच्याच वर्षी लातूर जिल्हा झाला. झाला म्हणजे काय झाला, तर रातोरात जमिनीला पाय फुटले. कचेऱ्या आल्या, साहेब आले, साहेबांना बंगले लागले, बंगल्यांना प्लॉट लागले. धाकटा दीर चंद्रप्पा हात जोडून दारात उभा राहिला. "वैनी, आता ज्वारी करण्यात काय राम न्हाई. प्लॉटिंग करू. तुमचा निम्मा वाटा मी सोडतो व्हय? महादेवाची आण." शांतम्माने महादेवाच्या नावावर विश्वास ठेवला. भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला. शेत गेलं, चंद्रप्पाची मोटारसायकल आली, आणि शांतम्माच्या वाट्याला उरला तो तेवढा कोपरा. तोही चंद्रप्पाने दया केली म्हणून नव्हे. समाधी असलेला प्लॉट कोण विकत घेणार? जिवंतपणी मन्मथने बायकोसाठी काही राखलं नव्हतं, मेल्यावर एवढं राखलं.

तिथे तिने दोन खोल्या बांधल्या आणि फाटकाला काटे लावले.

तिच्या सासरचा एक रिवाज होता. समाधीभोवतीची माती खुरपायची नाही, तिथलं गवत उपटायचं नाही. दुसऱ्या घरांत तो असेल नसेल, पण या घरात होता, आणि शांतम्मा माणसांवरचा विश्वास सोडून बसली असली तरी रिवाज सोडणारी नव्हती. त्यामुळे त्या कोपऱ्यात गवत माजलं. तरवड आला, रुई आली. रोज सकाळी विभूती लावून, समाधीवर बेलाचं पान ठेवून ती तिथे बसायची. बोलायला कोणी नसे, म्हणून बघायची. रुईच्या पानांवर पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या दिसल्या. चिरडायला हात उचलला आणि 'त्यांनी कुठं पेरायला जायचं' आठवलं, तसा हात खाली आला. काही दिवसांनी त्याच रुईवर तांबडी फुलपाखरं भिरभिरू लागली. आपण काहीही न करता आपल्या दारात काहीतरी भलं घडलं, हा अनुभव तिला नवीनच होता.

मग तिने अंगण झाडायचं सोडलं. पानं पडली तिथे कुजू दिली, त्यात बेडूक राहायला आले. तुराट्यांचा ढीग चुलीत न घालता भिंतीला टेकवून ठेवला, त्यात चिमण्या झोपू लागल्या. शेतातले दगड एकावर एक रचून ठेवले, तिथे सापसुरळ्या ऊन खात बसायच्या. वाळलेला लिंब तोडायला शेजारचा लिंबाजी दोनदा कुऱ्हाड घेऊन आला, तिने दोनदा हाकलला. त्या लिंबाच्या ढोलीत पिंगळ्याचं बिऱ्हाड होतं. एक धामण दक्षिणेकडच्या भिंतीवरून सरकारी माणसाच्या तोऱ्यात ये-जा करायची. आणि फाटकाखालून यायचं मुंगूस. ते शांतम्माचं विशेष लाडकं. यायचं, मागच्या पायांवर उभं राहून चारी दिशांना संशयाने बघायचं, मगच पुढे पाऊल टाकायचं. "असंच राहायचं," ती त्याला म्हणायची, "कुणावर भरोसा न्हाई ठेवायचा."

जागोजाग मातीचे पसरट परळ ठेवलेले असत, पाण्याने भरलेले. मधमाश्या बुडू नयेत म्हणून प्रत्येक परळात मधोमध एक दगड.

गल्लीला हे सगळं सरळ वाटणं शक्यच नव्हतं. पिंगळा पाळणारी बाई, साप न मारणारी बाई! कोणी म्हणे करणी करते. लिंबाजी म्हणे, रझाकाराच्या काळात कुणीतरी तिथं हंडा पुरला असणार, त्यावर ती धामण राखण बसली आहे, उगीच का म्हातारी माती उकरू देत नाही! लिंबाजीचं भुसार मालाचं दुकान होतं आणि परसात गोदाम. तो शांतम्माशी बोलताना नेहमी तिच्या खांद्यावरून मागे समाधीकडे बघायचा. तिलाही ते कळायचं, आणि ती मुद्दाम बाजूला सरकून आडवी उभी राहायची.

जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली आणि पावसाने पाठ फिरवली. एक वर्ष कसंबसं निघालं, दुसऱ्या वर्षी बोअर कोरडे खणखणू लागले. गल्लीत टँकर येऊ लागला. घागरी, डबे, हंडे, बादल्या रात्रीपासून रांगेत, आणि माणसं एकमेकांच्या घागरींवर डोळा ठेवून उभी. शांतम्मा मात्र रांगेत कधी दिसली नाही.

कारण तिच्या आडाला पाणी होतं. फार नव्हतं. दोर सोडत गेलं तर शेवटी बादली बुडायची, इतपत. पण होतं. ती पहाटे उठायची, रहाट वाजू नये म्हणून त्याला करडईचं तेल लावायची, दोनचार बादल्या काढायची आणि आडावर पुन्हा पत्रा आणि काटे ओढायची. गल्लीत विचारलं की सांगायची, "आड मेला." म्हातारी मग वारा पिऊन जगते का, असं लोक एकमेकांत विचारत.

ती पाण्याची चिक्कू होती असं कुणी म्हणेल. तसं नव्हतं. तिला भीती होती. त्या दिवसांत कचेरीची माणसं दोराला दगड बांधून खाजगी आड-विहिरी मापत हिंडत होती. ज्याच्याकडे पाणी निघेल त्याची विहीर टंचाईपुरती ताब्यात. म्हणजे फाटक उघडं, म्हणजे सबंध गल्ली घागरी घेऊन आत. समाधीभोवतीचं गवत पायाखाली, तुराट्या कुणाच्या तरी चुलीत, धामणीच्या डोक्यात काठी. मुंगूस तर पहिल्याच दिवशी परागंदा होईल. एकदा शिरलेली माणसं टंचाई संपल्यावर बाहेर जातात, यावर तिचा विश्वास नव्हता. शेत असंच गेलं होतं.

अशात दक्षिणेकडच्या घरात पंचशीला राहायला आली. जिल्ह्याच्या नव्या दवाखान्यात नर्स. किनवटकडच्या इस्लापूरहून बदली होऊन आलेली. नवरा तिकडेच मास्तर, त्याची बदली व्हायची होती, म्हणून एकटीच राहायची. दोन घरांमध्ये कंबरेएवढी दगडाची भिंत. शांतम्माने पहिल्या दिवसापासून नोंद घेतली की ही बाई भिंतीपाशी उभी राहून बघते. बोलत नाही, मागत नाही, नुसती बघते. न मागणारं माणूस सगळ्यांत वाईट, हा शांतम्माचा अनुभव.

संक्रांतीला पंचशीला तिळगूळ घेऊन फाटकाशी आली. शांतम्माने काट्यांमधून हात घालून घेतला, "गोड बोल" म्हणाली, आणि ती वळताच तो समाधीजवळच्या मुंग्यांना टाकला. ही सरकारी बाई, प्लॉटच्या मागे असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. गल्लीतल्या बायका दुसरंच कारण समजल्या. पंचशीला बौद्ध होती आणि शांतम्मा रोज लिंगपूजा करणारी. खरं सांगायचं तर दोन्ही कारणं होती, आणि शांतम्मा त्यांतलं सोयीचं तेवढं स्वतःशी कबूल करत होती. तिळगुळाचे दाणे भिंतीपलीकडून दिसतात, हे तिच्या लक्षात आलं नाही.

उन्हाळा चढला तशी नवीनच पंचाईत झाली. गावभरात पाण्याचा थेंब नाही, म्हणून होले, साळुंक्या, बुलबुल, सातभाई, झाडून सगळे शांतम्माच्या परसात. मधमाश्या परळांच्या कडेने दाट बसलेल्या. ज्याला डोळे आहेत त्याने वर बघितलं तरी पाणी कुठे आहे ते कळावं! ज्यांच्यासाठी लपवायचं तेच चव्हाट्यावर आणत होते. तिने परळ कमी भरायला सुरुवात केली. पहाटे एकदा, तेही अर्धे. उन्हं चढेपर्यंत ते सुकून ठणठणीत होत. पाखरं चोच उघडून बसत आणि तिच्याकडे बघत. तिला जेवण गोड लागेना.

कचेरीची माणसं आलीच. फाटकाचे काटे बघून बाहेरच थांबली. भिंतीवर धामण पसरली होती ती बघून आणखी दोन पावलं मागे सरकली.

"आड मेला," शांतम्मा म्हणाली.

त्यातल्या एकाने भिंतीपलीकडे हाक मारली, "ओ बाई, ह्यांच्या आडाला पाणी हाय का?"

पंचशीला कपडे वाळत घालत होती. मान न वळवता म्हणाली, "मी नवीन हाय."

माणसं गेली. शांतम्मा मात्र दिवसभर ते तीन शब्द उलटेपालटे करत बसली. नवीन हाय, म्हणे! म्हणजे अजून पुरतं बघितलं नाही, बघून सांगते, असाच अर्थ ना?

आणि त्याच आठवड्यात ते सुरू झालं. दुपारी तिचा डोळा लागायचा. उठून बाहेर आली तर भिंतीकडचे परळ भरलेले. पहिल्या दिवशी तिला वाटलं, आपणच भरून विसरलो. वय झालं. दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम कोरडे परळ बघून आत गेली. उठली, तर काठोकाठ भरलेले, आणि बुलबुल आंघोळ करतोय.

पाणी चोरीला गेलं असतं तर शांतम्मा शांत राहिली असती. दुष्काळात लोक पाणी चोरतात, त्यात काय नवल. पण जिथे घागरीसाठी माणसं एकमेकांच्या झिंज्या धरतात, तिथे कुणी गुपचूप येऊन दुसऱ्याच्या परळात पाणी ओततं? त्यात काहीतरी असलंच पाहिजे. तिने परळ उचलून नाकाशी नेला. औषधाचा वास! उग्र, नाकात जाणारा. नर्सबाईच्या घरात औषधांना काय तोटा. पाखरं मारायची, मुंगूस मारायचं, म्हातारीचा जीव ज्यांच्यात गुंतलाय ते संपवायचे, की म्हातारी आपोआप उठून जाते आणि प्लॉट मोकळा. चंद्रप्पाने पाठवली असेल हिला. नाहीतर लिंबाजीने.

तिने ते पाणी ओतून दिलं. रणरणत्या दुपारी, तापल्या दगडांवर. पाणी क्षणात विरून गेलं. रोज ते भरायचे आणि रोज ती ओतायची. पाखरं तरीही मधल्या वेळात पिऊन घेत, आणि त्यांना काही होतही नव्हतं. पण संशयी माणसाला आपल्याविरुद्धचा पुरावा दिसत नाही. हळू चढणारं विष असेल, असं तिने ठरवलं.

मग एका सकाळी मुंगूस मेलेलं सापडलं. भिंतीकडच्या परळापाशीच, तोंडाला फेस, अंग ताठ.

शांतम्मा खाली बसली. त्याच्या पाठीवरून हात फिरवला. इतक्या दिवसांत तिने त्याला कधी हात लावला नव्हता, आणि आता ते संशयाने मागे सरत नव्हतं. तिला रडू कोसळलं, आणि रडता रडताच राग आला. तिने मुंगूस पदरात घेतलं, कमरेची किल्ली काढली, फाटक उघडलं आणि सरळ टँकरच्या रांगेत गेली. पंचशीला तिथे घागर घेऊन उभी होती.

"ह्या बाईनं मारलं!" मुंगूस तिच्या पायाशी ठेवून शांतम्मा ओरडली. "माझ्या परळात औषध ओतती ही रोज. मी झोपले की ओतती. बघा, बघा समद्यांनी! विष घालून राहिली!"

रांग मोडली. माणसं गोळा झाली. लिंबाजी दुकानातून धावत आला. कुणीतरी म्हणालं, "नर्सबाई, खरं हाय का?" कुणीतरी म्हणालं, "असंल बाबा, ह्या लोकांचा काय भरोसा." ते 'ह्या लोकांचा' पंचशीलाने ऐकलं. तिचा चेहरा आधी उतरला, मग घट्ट झाला.

"ओतते मी," ती म्हणाली. "रोज ओतते."

ती चालत शांतम्माच्या उघड्या फाटकातून आत गेली. मागोमाग गल्ली. भिंतीकडच्या परळात शांतम्माने ओतून द्यायचं राहिलेलं आदल्या दिवशीचं थोडं पाणी होतं, पाखराचं एक पीस त्यात तरंगत होतं. पंचशीलाने परळ दोन्ही हातांनी उचलला, तोंडाला लावला आणि सगळ्यांदेखत शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकला. पीस ओठाला चिकटलं ते तिने काढलं. परळ जागच्या जागी ठेवला, दगडही नीट मधोमध ठेवला.

"टँकरचं पाणी हाय हे," ती म्हणाली. "त्यात पावडर टाकत्यात, त्याचा वास. हितली लेकरंबी हेच पित्यात. तुम्हाला तेवढा हा वास नवा वाटला काकू, कारण तुम्ही..."

आणि ती थांबली.

उरलेलं वाक्य शांतम्माने मनात पुरं केलं. टँकरच्या पाण्याचा वास जिला माहीत नाही, ती दुसरं पाणी पिते. एवढं साधं होतं. आणि हे हिला कधीपासून ठाऊक होतं? पहाटेचा रहाट, तेल लावलं तरी, कंबरेएवढ्या भिंतीपलीकडे ऐकू जाणारच.

लिंबाजीचे कान टवकारले. त्याची नजर पत्रा आणि काटे ओढलेल्या आडाकडे गेली. "कारण काय, बाई? बोला की. म्हातारीच्या आडाला पाणी हाय म्हंता का?"

सगळी गल्ली पंचशीलाकडे बघू लागली. एक शब्द बोलली असती तर तिच्यावरचा आळ जागच्या जागी फिटला असता आणि शांतम्मा गल्लीच्या पायाखाली गेली असती. पंचशीलाने शांतम्माकडे पाहिलं.

"मला काय म्हाईत," ती म्हणाली. "म्हातारं माणूस हाय, नाक बधिर झालं असंल." आणि गर्दीतून वाट काढत निघून गेली. तिची घागर रांगेत तशीच राहिली. टँकर तोवर रिकामा झाला होता.

शांतम्मा काहीच बोलली नाही. बोलायला हवं होतं, तोंड उघडलंही होतं, पण गल्ली परसात उभी होती आणि लोकांच्या पायांखाली समाधीचं गवत होतं. लोक कुजबुजत गेले. तिने फाटक लावलं, मुंगसाला लिंबाखाली खड्डा करून पुरलं, आणि त्या दिवशी चूल पेटवली नाही.

संध्याकाळी फाटकाच्या वीतभर फटीपाशी तिला एक उंदीर दिसला. ताठ झालेला, तोंडाला तसाच फेस. ती वाकून बघत राहिली. पुढे गल्लीच्या नालीत आणखी एक. तिसरा लिंबाजीच्या गोदामाच्या दाराशी.

लिंबाजी गोण्यांना टेकून बसला होता.

"उंदराला औषध घातलंस?"

"घातलं की. ज्वारी फस्त करून राहिलेत. का?"

"माझं मुंगूस उंदीर खात होतं."

लिंबाजीला समजायला जरा वेळ लागला. "मग मला काय म्हाईत अम्मा, तुमचं मुंगूस माझं उंदीर खातंय म्हणून! सकाळी बोलायचं की." तो हसलासुद्धा. त्यात त्याचं खोटं काही नव्हतं. सकाळी तिने विचारलंच कुठे होतं? तिने सांगितलं होतं. संशय घ्यायला लिंबाजी समोर उभा असताना तिने बोट दाखवलं होतं ते जी बाई तिची पाखरं जगवत होती तिच्याकडे. चंद्रप्पाने तिला फसवलं होतं खरं. पण आज कुणी फसवलं नव्हतं. आजचं सगळं तिचं तिनेच केलं होतं, आणि ही गोष्ट तिला गिळता येईना.

दुसऱ्या दिवशी टँकर आला नाही. रांग उन्हात तशीच ताटकळली. शांतम्माने आडावरचे काटे ओढून बाजूला टाकले, पत्रा ढकलला, फाटक सताड उघडलं आणि गल्लीत येऊन म्हणाली, "माझ्या आडाला पाणी हाय. पहिल्यापास्नं हाय. मी खोटं बोलले. घरामागं एक घागर घ्या. समाधीकडं पाय घालायचा न्हाई, आणि आधी परळ भरायचे."

पुढे जे व्हायचं ते झालं. काही बायांनी तिला तोंडावर शिव्या दिल्या, आणि त्या तिला लागू होत्या. काहींनी आशीर्वाद दिले, तेवढे लागू नव्हते. गवत तुडवलं गेलं. तुराट्या दोन दिवसांत निम्म्या झाल्या. धामण दिसेनाशी झाली. लिंबाजीने आडाच्या निमित्ताने समाधीचा कोपरा डोळे भरून न्याहाळला आणि तिथे हंडा नाही याची त्याला बहुतेक खात्री पटली. शांतम्मा दिवसभर आडापाशी बसून राहायची आणि कुणाची घागर मोठी आहे, कोण दुसऱ्यांदा आलंय, यावर घारीची नजर ठेवायची. स्वभाव काही दोरासारखा सोडता येत नाही. पण पिंगळा ढोलीत टिकला, आणि पोरं आपणहून परळ भरण्यासाठी भांडू लागली.

फक्त पंचशीला पाण्याला आली नाही.

शांतम्माने वाट पाहिली. मग एका सकाळी भिंतीपाशी गेली. मध्ये कंबरेएवढे दगड होते.

"पाणी घेऊन जा की."

"राहू द्या."

"लिंबाज्याच्या औषधानं मेलं ते. उंदीर खाल्लं त्यानं. माझं चुकलं."

पंचशीला म्हणाली, "इस्लापूरला घरामागं जंगलच होतं, काकू. हितं आले तर तुमच्या परसात तेवढी पाखरं दिसली. मला करमू लागलं. ती चोच वासून बसायची, बघवंना, म्हणून माझ्या घागरीतलं ओतायची."

"मग इचारायचं तरी. झोपल्यावर कशाला?"

"इचारलं असतं तर चाललं असतं तुम्हाला? माझ्या हातचं पाणी? समाधीपाशी?"

खोटं बोलायची सवय होती शांतम्माला, पण आता जमेना.

"मी तिळगूळ बी बघितला होता," पंचशीला शांतपणे म्हणाली. "त्याचं काय वाटलं न्हाई, सवय हाय. पण चार लोकांत मला विष घालणारी म्हणलात. तुमच्या आडाचं पाणी मला आता गोड लागायचं न्हाई." आणि ती ड्युटीला निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून शांतम्मा पहिली घागर काढून भिंतीवर ठेवू लागली. गल्लीत कुणाला हात लावू द्यायची नाही. "ती घागर कुणाची?" असं कुणी विचारलं की सांगायची, "नर्सबाईची. मी तिच्यावर खोटा आळ घेतला." सगळ्यांना सांगायची, न विचारणाऱ्यालाही सांगायची. घागर दिवसभर तिथे भरलेली राहायची. पलीकडून कुणी हात लावत नसे. संध्याकाळी शांतम्मा ती परसातल्या बेलाच्या मुळाशी ओतायची आणि सकाळी पुन्हा भरायची. गल्लीतल्या बायका म्हणू लागल्या, अम्मा, नाही घेत ती, कशाला एक घागर वाया घालवता? शांतम्मा ऐकायची नाही.

एका दुपारी ती आडापाशी बसल्या बसल्या पेंगत होती. आवाज आला म्हणून डोळे किलकिले केले. पंचशीला भिंतीपाशी उभी होती, दवाखान्याची पांढरी साडी तशीच अंगावर. तिने भिंतीवरची घागर दोन्ही हातांनी उचलली. घागर कलती केली आणि भिंतीकडचे परळ एकेक करत भरले. आपल्या घराकडे एक थेंब नेला नाही.

उठावं, तिचे हात धरावेत असं शांतम्माला फार वाटलं. पण ती हलली तर पाखरं उडाली असती, आणि बहुतेक पंचशीलाही गेली असती. ती बसल्या जागेवरूनच म्हणाली, "तू बी पी गं थोडं. ऊन लई हाय."

पंचशीलाने घागर रिकामी होईपर्यंत वर पाहिलं नाही.

"बघू," ती म्हणाली, आणि रिकामी घागर भिंतीवर ठेवून आत गेली.